अक्का कडेला उभी होती

कुणाच्या घरी गेलो आणि भिंतीवर लग्नाचा ग्रुप फोटो दिसला, की मी मधली माणसं बघत नाही. मधे कोण असणार ते ठरलेलंच असतं. व्याही, मामा, गावातले दोन मानाचे लोक, नशीब असेल तर एखादा साहेब. मी दोन्ही कडांना बघतो. तिथं घरची माणसं असतात, ज्यांनी मांडव घातला आणि चार दिवस चुलीपुढं काढले ती. आमच्याकडं पाहुण्याला मधे बसवून आपण कडेला सरकायची रीत आहे. "आपण काय, घरचेच," असं म्हणत माणसं कुणी न सांगता सरकतात. आणि फोटो वाइड लेन्सनं काढलेला असला तर ही सगळी घरची माणसं बिघडलेली असतात. डोकं आडवं वाढलेलं, गाल एका अंगाला ओढलेला, दंड भलताच जाड. पाहुणे मात्र झकास आलेले असतात, म्हणून कुणी तक्रार करत नाही.

असे फोटो मी लातुरात वर्षानुवर्षं काढले. लोकांनी ते कौतुकानं फ्रेम करून लावले. त्यातल्या एकाच फोटोबद्दल मला लिहायचं आहे. लिहून मन हलकं होईल असं मला वाटत नाही, पण न लिहूनही झालेलं नाही.

आमचं घर लातूरचं. वडिलांना आम्ही अप्पा म्हणत असू. त्यांचं भुसार मालाचं बेताचं दुकान होतं. आई मी लहान असतानाच गेली आणि मला वाढवलं ते अक्कानं, माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या बहिणीनं. तिचं लग्न मुदखेडला झालं. दाजी रेल्वेत होते. मोठा दुष्काळ पडला त्या वर्षी अप्पांच्या दुकानात माल येईना आणि कॉलेजात माझं चित्त लागेना. मला फोटोचं वेड होतं आणि अप्पांना त्या वेडाचा राग होता. अक्कानं मुदखेडहून निरोप धाडला, "त्याला इकडं पाठवा. माझ्याजवळ राहील आन नांदेडला जाऊन शिकंल." असं तिनं एका निरोपात माझं आयुष्य मार्गी लावलं. पुढं मी तिचं काय केलं ते सांगतोच.

रोज सकाळच्या गाडीनं मी मुदखेडहून नांदेडला जाई. जुन्या नांदेडातल्या एका गल्लीत माझ्या उस्तादांचा स्टुडिओ होता. एक लांबट खोली, रंगवलेला पडदा, दोन खुर्च्या आणि लाकडी पायांवर उभा मोठा कॅमेरा, त्यावर काळं कापड. कॅमेऱ्याच्या तोंडाला पितळी नळीची लांब लेन्स होती. खोली त्या लेन्सला पुरत नसे. चार-पाच माणसं एकत्र बसली की उस्तादांना मागं सरकायला जागा उरत नसे. दुसरा कुणी असता तर त्यानं लेन्स बदलली असती. उस्तादांनी मागची भिंत फोडून तिथं दार केलं होतं. घरचा ग्रुप आला की कॅमेरा त्या दारातून बाहेर गल्लीत जाई, आणि मी गल्लीच्या दोन्ही तोंडांना धावत सायकलवाल्यांना थांबवत असे. लोक शिव्या देत, पण थांबत.

लेन्स म्हणजे दूरचं जवळ दाखवायची वस्तू, असं पुष्कळांना वाटतं. चेहरे काढणाऱ्याला लेन्स एवढंच सांगते की माणसापासून किती लांब उभं राहायचं. फार जवळ गेलं की नाक मोठं होतं आणि कान मागं पळतात. दहा-बारा फुटांवर गेलं की चेहरा चेहऱ्यासारखा येतो, पण तेवढ्या अंतरावरून तो कागदावर भरून यायला लेन्स लांब हवी, आणि लांब लेन्सला जागा हवी. जागा नसेल तेव्हा वाइड लावतात. वाइडमध्ये सगळे मावतात. फक्त मधल्यांना काही होत नाही आणि कडेचे ताणले जातात. हे सगळं उस्तादांनी मला पहिल्या महिन्यात शिकवलं. "बेटा, चेहरा म्हंजे अमानत हाय," ते म्हणत. "त्यो जसा दिला तस्सा परत करायचा. आपल्याला जागा न्हाई म्हनून त्याला दाबायचा न्हाई."

एकदा मी डबा विसरलो म्हणून अक्का तो घेऊन नांदेडला आली. डबा हे निमित्त होतं, भाऊ कुठं काम करतो ते तिला बघायचं होतं. उस्तादांनी तिला चहा पाजला आणि खुर्चीवर बसा म्हणाले. ती लाजून म्हणाली, "मला काय करायचाय फोटो." त्यांनी ऐकलं नाही. कॅमेरा दारातून बाहेर नेला, मी सायकली अडवल्या. काळ्या कापडाखालून त्यांचा आवाज आला, "ताई, हसू नका. पन हसू येऊन राहिलंय असं वाटू द्या." अक्काच्या ओठांचा एक कोपरा किंचित वर गेला. तो फोटो मी बघितला होता. म्हणजे, तेव्हा बघितला होता. फार चांगला आला होता एवढंच आता मला सांगता येतं.

फोटो नुसता छापून भागत नाही, तो धुवावा लागतो. हायपो नावाचं औषध कागदात मुरतं, ते पुरतं निघेपर्यंत वाहत्या पाण्यात ठेवावा लागतो. त्या वर्षी वाहतं पाणी कुठलं? गोदावरीच्या पात्रात लोक झरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरत होते. उस्तादांनी दिवसाला दोन बादल्या ठरवल्या होत्या, त्यातच सगळे फोटो बुडवून काढायचे. पाणी दुपारपर्यंत पिवळसर होई. "हे कच्चे राहतेत," ते स्वतःच म्हणत. "गिऱ्हाइकांना सांगून ठेव, पाऊस झाला की घेऊन या, पुन्हा धुऊन देऊ." मी सगळ्यांना सांगत होतो. पुढच्या वर्षी पाऊस झाला, पाच-सहा जण फोटो घेऊन आलेही. अक्काचा फोटो ज्या घरात मी रोज जेवत होतो त्याच घरात कपाटावर होता. तो धुवायचा मला सुचला नाही. आज करू उद्या करू असंही नाही, सुचलाच नाही. आठ-दहा वर्षांत तो पिवळा पडला आणि मग पुसत गेला. हायपो राहिलेला फोटो उजळ भागापासून जातो. आधी अक्काचा चेहरा गेला. केस, कुंकू आणि साडीचा काठ राहिला. उस्ताद पुढं थकले, स्टुडिओ बंद झाला आणि त्यांच्या निगेटिव्हा घरच्यांनी त्यांतली चांदी काढणाऱ्याला देऊन टाकल्या. त्यात अक्काचीही गेली.

दाजी अकस्मात वारले तेव्हा अक्काची मुलगी दोन वर्षांची होती. अक्का तिला घेऊन लातूरला परत आली, आणि आधी मी तिच्या घरी राहत होतो तशी ती आता आमच्या घरी राहू लागली. मीही लातुरात दुकान टाकलं होतं, गंजगोलाईजवळ, एका जिन्याच्या माथ्यावर, दहा फुटांची खोली. माझ्याकडं एक चांगला कॅमेरा होता आणि दोन लेन्स, साधी पन्नास मिलिमीटरची आणि लांब एकशे पस्तीसची. एकशे पस्तीसची ही माझी पितळी नळी होती. चेहरा काढायला तिच्यासारखी दुसरी नाही. मात्र दहा फुटांच्या खोलीत तिच्यानं माणसाचं नुसतं नाक आलं असतं, म्हणून ती पिशवीतच राही.

मग जिल्हा झाला. उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं. गावाला नवीन जावई आल्यासारखं झालं होतं. पाट्या बदलल्या, साहेब आले, साहेबांच्या जीपा आल्या. जिल्ह्याला इमारती कुठं होत्या? कुणाच्या भाड्याच्या घरात एक खातं, शाळेच्या दोन खोल्यांत दुसरं. आणि प्रत्येक खात्याला आपला ग्रुप फोटो हवा होता, नव्या जिल्ह्याचा पहिला स्टाफ म्हणून. बारा फुटांच्या खोलीत पंचवीस माणसं आणि मधे खुर्चीवर साहेब. पन्नासच्या लेन्समध्ये ती मावत नसत. दोन-तीन कामं माझ्या हातून गेली आणि दुसऱ्या फोटोवाल्याकडं गेली. तो वाइड वापरत होता.

नांदेडचा एक ओळखीचा फोटोवाला माहूरला भाविकांचे फोटो काढी. माणसाच्या पाठीमागचा गड मोठा दिसावा म्हणून त्याला लांब लेन्स हवी होती, आणि त्याच्याकडं अठ्ठावीसची वाइड पडून होती. आम्ही अदलाबदल केली. एका स्टुलावर त्याची लेन्स ठेवली, माझी उचलली. परतताना मी मुद्दाम उस्तादांकडं गेलो. त्यांनी नवी लेन्स डोळ्याला लावली, खोलीभर फिरवली आणि माझ्या हातात दिली.

"अच्छी हाय," ते म्हणाले. "फक्त कडंला कुनी आपला उभा करू नको."

"आपलेच तर कडंला असतेत, उस्ताद," मी हसून म्हणालो.

ते हसले नाहीत. त्यांनी मला बसही म्हटलं नाही, हे मला गाडीत बसल्यावर लक्षात आलं.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. पाण्याचे हाल होते. आमच्या गल्लीत दिवसाआड टँकर येई आणि त्याच्यासाठी आदल्या दिवसापासून घागरींची रांग लागे. या टोकापासून त्या टोकापर्यंत घागरी, कळशा, तेलाचे डबे. प्रत्येकीत एकेक दगड, वाऱ्यानं लवंडू नये म्हणून. लग्न घरीच होतं. अक्षता पडल्या, जेवणं झाली आणि सगळ्यांचा एक फोटो काढायचं ठरलं. कॅमेरा माझाच होता, नवरदेवही मीच होतो.

खरी जागा गल्लीत होती. सगळ्यांना दारापुढं उभं करून, समोरच्या घराच्या भिंतीला पाठ लावून पन्नासनं काढता आला असता, कुणाचं काही बिघडलं नसतं. त्यासाठी पंधरा-वीस घागरी हलवाव्या लागल्या असत्या. बायका म्हणाल्या असत्या, माझा नंबर गेला. त्यांच्याशी भांडण झालं असतं, किंवा झालंही नसतं. मी कुणाला विचारलंच नाही. उस्तादांनी भिंत फोडली होती. माझ्यानं घागरी हलल्या नाहीत. मी सगळ्यांना पुढच्या खोलीत घेतलं आणि अठ्ठावीसची लावली.

लोकांना मीच बसवलं. सासऱ्यांना मधे, त्यांच्या शेजारी अप्पा, मग लग्न लावणारे स्वामी, मग मामा. लहान मुलं पुढं सतरंजीवर, त्यात अक्काची पाच वर्षांची पोर बरोब्बर मधोमध. अक्का दिसेना. ती स्वयंपाकघराच्या दारात होती. आमच्यात विधवेचं तसलं काही मानत नाहीत असं सगळे सांगतात, पण ती पुढं येत नव्हती आणि तिला कुणी बोलवत नव्हतं. मी चिडलो. सगळ्यांच्या देखत तिचा हात धरून तिला आणलं.

"ऱ्हाऊ दे की रं. मला काय करायचाय फोटो," ती म्हणाली. नांदेडात उस्तादांपुढं जे म्हणाली होती तेच.

"तू न्हाईस तर फोटोच न्हाई," मी म्हणालो.

हे म्हणताना मला स्वतःबद्दल किती बरं वाटलं होतं ते मला चांगलं आठवतं. आणि एवढं बोलून मी तिला उभं कुठं केलं, तर डाव्या टोकाला, सगळ्यांत शेवटी. कारण तिथंच जागा होती. कारण ती घरची होती. कॅमेऱ्यातून बघताना ती मला कडेला दिसली. तिच्या चेहऱ्याचं काय होतंय तेही दिसलं असणार, कारण ते ओळखणं हा माझा धंदा होता. मी बघितलं ते एवढंच की ती चौकटीत आली. मग टायमरचं बटण दाबून मी मुंडावळ्या सावरत पळत गेलो आणि मधल्या खुर्चीवर जाऊन बसलो. त्या फोटोत सगळ्यांत चांगला आलोय तो मी.

लग्नाला महिना झाला नसेल, टँकरच्या पाण्यानं गल्लीत जुलाब-उलट्यांची साथ आली. आमच्या घरात ती अक्कालाच झाली, कारण शेवटी तळाला उरलेलं गढूळ पाणी ती पीत असे आणि वरचं निवळ आम्हाला ठेवी. हे आम्हाला नंतर कळलं. मंगळवारी सकाळी तिला दवाखान्यात नेलं आणि बुधवारी दुपारी घरी आणलं, ते तसंच आणलं.

आमच्या समाजात मृताला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, हार घालतात, आणि बसल्या स्थितीतच माती देतात. त्याआधी सगळं घर त्या बसलेल्या माणसाभोवती जमतं आणि एक शेवटचा फोटो काढतात. बाहेरच्यांना हे ऐकून कसंतरी होतं. आम्हाला काही वाटत नाही. मी स्वतः असे कितीतरी फोटो काढलेत, आणि पुष्कळ घरांत म्हाताऱ्या माणसाचा तोच एक फोटो असतो. अक्काला भिंतीला टेकवून बसवली होती. दोन दिवसांत चेहरा सुकून गेला होता, डोळे खोल गेले होते.

मामा माझ्याजवळ आले. "फोटोवाला तर घरातच हाय. काढून घे बाबा एक. पोरीला पुढं दाखवाया लागंल."

मी कॅमेरा घेऊन आलोही. मग म्हणालो, "हा चेहरा तिचा न्हाई. लग्नातला फोटो हाय की, चांगला स्पष्ट. त्याच्यातून मोठा करून देतो." मामांनी दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. कॅमेरा पुन्हा पिशवीत ठेवला आणि खांदा द्यायला गेलो. मी अक्काचा मान ठेवतोय असंच मला वाटत होतं.

तेराव्या दिवसाआधी फोटो भिंतीवर हवा होता. मी दुकानाची खिडकी बंद करून निगेटिव्ह फोटो मोठा करायच्या मशिनमध्ये घातली आणि डावी कड मोठी करत गेलो. कागद औषधात टाकला. हळूहळू चेहरा वर आला आणि ती कुणी दुसरीच बाई होती. गाल बाहेरच्या बाजूला ओघळल्यासारखा, जबडा रुंद, एक डोळा दुसऱ्याहून मोठा, मान तिरकी. अक्काचा चेहरा लांबट आणि बारीक होता. एवढं मला माहीत होतं, शब्दांत माहीत होतं. मी नवा कागद घेऊन मशिनखाली एका बाजूनं उचलून तिरपा धरला. असं केलं की ताण थोडा कमी होतो, हे फोटोवाल्यांना ठाऊक असतं. गाल आत आला, पण कपाळ आखूड झालं. आणखी तिरपा केला, तर नाक वाकडं. त्या दुपारी मी कागदाचा अख्खा डबा संपवला. प्रत्येक कागदावर एक वेगळी बाई आली. त्यातली एकही मला ओळखीची वाटेना, आणि चार वाजेपर्यंत अशी वेळ आली की खरी कशी होती ते ताडून बघायला माझ्या डोक्यातही काही उरलं नाही. मी रडलो. शेवटी त्यातला बरा वाटला तो एक फ्रेम करून घरी नेला. अप्पांनी बघितला आणि खिळा ठोकायला घेतला.

भाची आमच्याकडंच वाढली. माझ्या बायकोनं तिला आपल्या पोटच्या पोरीसारखी वाढवली, त्यात काही उणं नव्हतं. पण आईचं घरात काय होतं? भिंतीवर ती रुंद चेहऱ्याची बाई, आणि ट्रंकेत एक पिवळा कागद, ज्यावर केस होते, कुंकू होतं आणि मधे काही नव्हतं. एक दुष्काळानं नेला, एक जिल्ह्यानं. असं मी स्वतःशी म्हणत असे आणि मला ठाऊक होतं की दोन्ही मीच नेले. घागरी, साहेब, दहा फुटांची खोली, ही सगळी बोलायची कारणं झाली.

पोर मोठी झाली तशी येणारीजाणारी प्रत्येक बाई तिच्या हनुवटीला हात लावून म्हणे, "बाई बाई, हुबेहूब आई हाय." लहानपणी ती खूश होई. मग हळूहळू ती आरसा घेऊन फोटोखाली उभी राहू लागली. आरशात एकदा, फोटोत एकदा. एकदा मी तिला तसं बघितलं आणि परत फिरलो. तेरा-चौदा वर्षांची झाल्यावर तिनं ते सोडलं. कुणी हुबेहूब म्हटलं की ती तिथून उठून जाई.

तिचं लग्न उदगीरला ठरलं. लग्नाला आठ दिवस असताना ती दुकानात आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मामा, एक खरं सांगा. म्या आईसारखी दिसती का?"

"दिसतीस की."

"सगळे तेच म्हनतेत. मला बरं वाटावं म्हनून म्हनतेत. म्या लई येळा बघितलंय. त्या फोटोत माझं काईच न्हाई. ना डोळे, ना नाक, काईच न्हाई. आई सासरी संगं येती म्हनतेत, चेहऱ्यात. माझ्यासंगं कोन येनार?"

मी तिला तेव्हा सगळं सांगितलं. लेन्स काय असते, कडेला काय होतं, घागरी का हलवल्या नाहीत. शेवटच्या फोटोला मामांना नको म्हणालो तेही सांगितलं. चौदा वर्षांत मी हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. तिनं ऐकून घेतलं. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं फक्त विचारलं, "मंग खरी कशी होती?" मी डोळे मिटले की तीच यायची, कडेची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अठ्ठावीसची लेन्स शोधून काढली. काचेवर बुरशीचे धागे पडले होते, ते पुसून जितके गेले तितके गेले. एका मित्राकडून एकशे पस्तीसची मागून आणली. घरी पुढच्या खोलीत जुना ग्रुप फोटो हातात घेऊन फरशा मोजल्या. कॅमेरा कुठं होता, अक्का कुठं होती, खिडकीचा उजेड कुठून पडत होता. बायकोला आणि दोन शेजारणींना मधे खुर्च्यांवर बसवलं, नाहीतर कड कशाची कड, ते मलाच कळलं नसतं. भाचीला म्हणालो, तू तिथं उभी राहा. डाव्या टोकाला, सगळ्यांत शेवटी. मी आयुष्यात दुसऱ्यांदा माझ्या माणसाला तिथं उभं केलं, आणि या वेळी जाणूनबुजून.

कॅमेऱ्यातून बघितलं. कडेला अक्का उभी होती.

त्यानंतर मी भाचीला अंगणात नेलं आणि एकशे पस्तीसनं तिचा एकटीचा फोटो काढला. बारा फुटांवरून, सावलीत, मागं मोकळी भिंत. उस्तादांसारखंच म्हणालो, हसू नको, पण हसू येऊन राहिलंय असं वाटू दे. तिच्या ओठांचा एक कोपरा किंचित वर गेला. ताणला नाही, दाबला नाही, होता तसा चेहरा मी घेतला. मी काढलेला सगळ्यांत चांगला फोटो तो आहे, हे मी त्याच क्षणी ओळखलं.

दोन्ही छापले, आणि भरपूर पाण्यात धुतले. कडेचा मोठा केला तोही भिंतीवरच्या फोटोच्याच मापाचा. भाचीपुढं ते दोन शेजारी शेजारी ठेवले. तोच ओघळलेला गाल, तोच रुंद जबडा, तोच एक डोळा मोठा. ती किती तरी वेळ बघत होती. मग तिनं बोट दोन्ही फोटोंवरून फिरवलं, आधी आईच्या, मग आपल्या.

"हाय की," ती म्हणाली. आणि पदरानं डोळे पुसले.

ती उदगीरला गेली तेव्हा तिनं भिंतीवरचा आईचा फोटो मागून घेतला आणि आपला कडेचा. दोन्ही तिच्या घरात आजही शेजारी लावलेले आहेत. नवं माणूस आलं की विचारतं, कोण ह्या दोघी, बहिणी का? दुसरा फोटो, तो चांगला, मी तिच्या पिशवीत ठेवला होता. तिनं काढून टेबलावर ठेवला. "हा तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, मामा. ह्याच्यात म्या एकटीच हाय."

तो माझ्या दुकानात आहे. सगळ्या बायका म्हणत होत्या की ती हुबेहूब आई आहे, आणि तो चेहरा मी जसा होता तस्साच घेतलाय. म्हणजे माझी अक्का तिथं असायलाच पाहिजे. गिऱ्हाईक नसलं की मी तो समोर घेऊन बसतो आणि तिला शोधतो. मला भाची दिसते.